अण्णांची साधीसुधी साठी

आमच्या घरी साधी पार्टी एकदाच झाली. त्या पार्टीतला एक कुकर अजून आमच्याकडे आहे आणि तो कोणाचा, हे आजतागायत कळलेलं नाही.

पार्टी माझ्या सासऱ्यांच्या साठीची होती. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांची सगळी नोकरी एस.टी.त कंट्रोलर म्हणून गेली. नाशिकच्या स्टँडवर बसायचं आणि कळवणची गाडी कुठे लागली, सुरगाण्याची का लागली नाही, हे माईकवरून ओरडून सांगायचं. निवृत्त झाल्यावर माणूस घरात बोलेनासाच झाला. (त्यांच्या वाट्याचं बोलणं बहुतेक महामंडळाने आधीच वापरून टाकलं होतं.) त्यात सासूबाई गेल्या. मग ‘चहा ठेव’ आणि ‘दार लावून घे’ एवढ्या दोन वाक्यांवर अण्णांनी दोन वर्षं काढली. रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणारे त्यांचे डेपोतले तीन दोस्तही यायचे थांबले. घरातली बाई गेली, आता सुनेला कशाला त्रास, असा त्यांचा विचार. मला याचं फार वाईट वाटायचं. सासरे म्हणून सोडा, माणूस म्हणूनच मला अण्णा आवडायचे.

साठी जवळ आली तशी मी विचारलं, "अण्णा, काय करायचं?"

"काही नको."

"असं कसं? काहीतरी सांगा ना."

अण्णांनी चहा गार होईपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "गुलाबराव, शिरसाठ आणि कासम, तिघांना बोलाव. मिसळ कर. कांदा-लसूण घालून, नाकातून पाणी आलं पाहिजे अशी. हार नको, शाल नको, भाषण नको. तासभर बसू. बस्स."

सासूबाई गेल्यापासून अण्णा एका दमात एवढं कधीच बोलले नव्हते. माझे डोळेच भरून आले.

"अण्णा, शब्द देते," मी म्हटलं.

मला यात अवघड काय ते दिसतच नव्हतं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. वर्गच्या वर्ग ब्रह्मगिरीवर चढवून खाली उतरवलेली बाई मी! तिला चार म्हाताऱ्यांना मिसळ खायला घालणं काय जड? शिवाय पार्टी या विषयावर माझी मतं होती आणि ती मी शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकवायची. ‘आपल्या बायकांना साधेपणा जमतच नाही. घरची बाई पदर खोचून राबते आणि पाहुणे खातात, ही काय पार्टी? जिने पार्टी केली तिनेसुद्धा पार्टीत बसलं पाहिजे!’ सगळ्या बायका माना हलवायच्या. (नंतर कळलं, त्या वह्या तपासत होत्या.)

सुट्टीतला एक रविवार ठरवला. वेळ संध्याकाळी पाचची. चार म्हातारे आणि आम्ही दोघं. फक्त शेजारच्या कासारकाकूंना सांगणं भाग होतं. त्यांची आमची कुंपणाची तार एकच. आमच्याकडे मोहरी तडतडली की त्या तारेपाशी हजर. त्यांना वगळून मिसळ करणं म्हणजे लपूनछपून बँड वाजवण्यातला प्रकार.

"काकू, रविवारी पाचला या हं," मी तारेवरून म्हटलं. "काही विशेष नाही. सहज. आणि मेहरबानी करून काही आणू नका."

इथेच घोळ झाला. आपल्याकडे ‘काही विशेष नाही’ म्हणणाऱ्याच्या घरी नक्की काहीतरी विशेष असतं, आणि ‘काही आणू नका’ म्हणजे रिकाम्या हाताने येऊन तर दाखवा, अशी ताकीद असते. एवढी साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यातच आली नाही.

"काय गं, आहे काय रविवारी?" काकूंनी डोळे बारीक केले.

"अहो काही नाही. अण्णांना साठ पूर्ण होतायत, एवढंच."

"साठी? अगं बाई! आणि सहज काय म्हणतेस?"

संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत झालं की सुनंदाबाई सासऱ्यांची साठी गुपचूप उरकतायत. गुपचूप का, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. पण ज्यांना बोलवायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं, त्या सगळ्यांनी मोठ्या मनाने न रागावता यायचं ठरवलं.

तिकडे आमचे हे पाटबंधारे खात्यात. स्वभावाने पाण्यासारखे, उतार दिसेल तिकडे जाणारे. गुरुवारी घरी आले ते नजर चुकवतच.

"तुम्ही कोणाला सांगितलंत का?" मी विचारलं.

"सांगितलं कुठे? विचारलं फक्त. रविवारी काय करताय म्हणून."

"मग?"

"ते म्हणाले, काही नाही. माणूस काही नाही म्हणाल्यावर या म्हणावंच लागतं की नाही?"

"कोणाला म्हणालात?"

"ऑफिसला."

"ऑफिसातल्या कोणाला?"

"ऑफिसला," हे पुन्हा म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

मी डगमगले नाही. मटकी वाढवून भिजवली. (लोकसंख्या वाढली की धान्याचं उत्पादन वाढवावं, हा धडा मी दरवर्षी शिकवायची.) एवढ्या माणसांना बसायला खुर्च्या नव्हत्या, म्हणून ह्यांना बबनशेठ मंडपवाल्यांकडे पाठवलं. "फक्त खुर्च्या," मी दोनदा बजावलं. ह्यांनीही दोनदा "हो" म्हटलं. ह्यांच्या ‘हो’ला कधीच काही अर्थ नसतो.

रविवारी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून आधी बांबू उतरले.

"हे काय?" मी ओरडले.

"मंडप, बाई," बबनशेठ म्हणाले.

"मी खुर्च्या सांगितल्या होत्या!"

"मग खुर्च्या काय उन्हात ठेवता? वैशाख चालू आहे. माणसं करपतील हो!"

"आणि तो भोंगा?"

"तो मंडपाबरोबर येतोच. त्याला वेगळा नाही काढता येत."

मी पुढे काही बोलायच्या आत भोंगा पेरूच्या झाडावर चढला आणि बबनशेठ त्यातून गर्जले, "हॅलो, हॅलो! माईक टेस्टिंग! अण्णांची साठी! आज पाच वाजता! हॅलो!"

गंगापूर रोडला तेव्हा घरं कमी आणि द्राक्षांचे मळे जास्त. आवाज अडायला काही नव्हतंच. नदीपलीकडच्या माणसांनीसुद्धा ऐकलं असणार. अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी घडी घातली, झाडावरच्या भोंग्याकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन पडले. मी मागोमाग धावले.

"अण्णा, ते फक्त खुर्च्यांना सावली म्हणून हं!"

"मिसळ आहे ना?"

"आहे तर! शब्द दिलाय ना मी."

"मग ठीक," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. तिथेच बसून त्यांची समजूत काढावीशी वाटली, पण आत रश्शाला कांदा परतायचा होता.

दहाच्या सुमाराला माझ्या नणंदबाई आल्या. वन्सं राहायच्या देवळाली कॅम्पात. यजमानांचं तिथल्या बाजारात कापडाचं दुकान. लष्कराशी त्यांचा संबंध एवढाच की जवानांच्या बायका तिथून साड्या घ्यायच्या. पण इतकी वर्षं तोफांच्या आवाजात राहिल्यामुळे वन्संचा आवाज तोफेच्या वर चढलेला होता तो कधी उतरला नाही. दोन पिशव्या, एक परात आणि एक गाठोडं घेऊन त्या थेट स्वयंपाकघरात आल्या आणि थबकल्या.

"सुनंदा! हा लसणाचा वास कसला?"

"मिसळीचा, वन्सं."

"आज संकष्टी आहे!"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. रविवारच्या चौकोनात चिमुकला गणपती छापलेला होता. महिनाभर तो माझ्याकडे बघत होता. मी आपली नळाला पाणी कधी येणार ते बघत होते.

"माझा उपास! त्या कासारकाकूंचा उपास! अर्ध्या नाशिकचा उपास! आणि तू मिसळ घालणार?" वन्संनी पदर खोचला. "आधी ते पातेलं बाहेर काढ. अण्णांना ओवाळायचं आहे, गणपतीला नैवेद्य दाखवायचा आहे, आणि चुलीपाशी कांदा-लसूण?"

"पण वन्सं, अण्णांना ओवाळणं वगैरे काही नको आहे. मला स्पष्ट सांगितलंय त्यांनी."

"त्यांना काय कळतंय! माझेही वडील आहेत ना ते?" वन्संचा आवाज एकदम खाली आला. मी तो इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "आई असती तर तिने ओवाळलं असतं. आता नाहीये ती. मग कोणी ओवाळायचं?"

खरंच होतं ते. मी पातेलं उचललं. (एकटीला उचलवलं नाही. दुसरा कान ह्यांनी धरला.) मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी अंघोळीचं पाणी तापवायची चूल होती, तिच्यावर ठेवून दिलं. फरसाण, चिरलेला कांदा, लिंबं आणि पावांची टोपलीही तिथेच नेली. माझी सगळी साधी पार्टी त्या दगडापाशी झाकून ठेवली आणि मी साबुदाणा भिजत घातला.

साबुदाण्याने भागलं असतं तर काय हवं होतं? दुपारी काकू तारेवरून म्हणाल्या, "मला बाई साबुदाण्याने पित्त होतं. थोडी भगर टाक." भगर टाकली. भगर शिजली तेव्हा ह्यांनी सांगितलं की मोठ्या साहेबांच्या बाईंना भगर चालते, पण उपासाला जिरं चालत नाही.

"आत्ता सांगताय?"

"आत्ताच आठवलं."

बिनजिऱ्याची भगर वेगळी टाकली. तेवढ्यात पलीकडच्या देवरे वकिलांकडून निरोप आला. त्यांच्याकडे जिरं चालतं, मात्र कोथिंबीर चालत नाही आणि शेंगदाण्याचं तेल तर नकोच. वन्संना सगळं चालत होतं, पण साजूक तुपातलं. एकाच गणपतीचा उपास, आणि घरागणिक नियम वेगळा! आमचे दोन कुकर पुरेनात म्हणून गल्लीतून कुकर येऊ लागले. कोणता कुकर कोणाचा आणि कोणत्या कुकरात जिरं, हे लक्षात ठेवता ठेवता मी जागतिक हवामानाचे पट्टेसुद्धा विसरले.

पाच वाजले आणि माणसं आली. आली म्हणजे काय, येतच राहिली. एकही माणूस रिकाम्या हाताने आला नाही. प्रत्येकाच्या हातात हार, शाल आणि नारळ. आणि आणलेली शाल काही हातात देत नाहीत. ती अंगावर घालावी लागते, खाली वाकावं लागतं, आणि आधीच्या माणसाची शाल काढून आपली घालणं वाईट दिसतं. म्हणून एकीवर एक! वैशाखातली संध्याकाळ, वर मंडपाचं कापड, आणि मधल्या खुर्चीत अण्णा शालींच्या आत आत चाललेले. वरून काळी टोपी दिसत होती म्हणून माणूस आहे हे कळत होतं.

वन्संनी परात आणली. तीत कणकेचे साठ दिवे.

"पंखा बंद करा! दिवे विझतायत!" वन्सं ओरडल्या.

"अगं, पंखा बंद केला तर अण्णा शिजतील!" हे ओरडले.

पंखा बंद झाला. दिवे लागले. अण्णांना भोवळ आल्यासारखं झालं, पंखा लागला, दिवे विझले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा वन्सं भराभरा ओवाळत असताना एका शालीच्या गोंड्याने पेट घेतला. ह्यांनी प्रसंगावधान राखून हातातला पेला त्यावर रिकामा केला. त्यात पन्हं होतं.

अण्णांनी तेवढ्यात एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हताच. हार नको, शाल नको, भाषण नको असं बिचाऱ्यांनी मागितलं होतं. हार घातले, शाली घातल्या, आणि पुढच्या रांगेत देवरे वकील घसा साफ करत होते. मी दिलेल्या शब्दाची पार वाट लागली होती. मला रडू यायचंच बाकी होतं, पण रडायला सवड कुठे होती?

त्याच गडबडीत मंडपाच्या टोकाला अण्णांचे तिघे दोस्त दिसले. गुलाबराव ड्रायव्हर, शिरसाठ कंडक्टर, कासमभाई मेकॅनिक. इस्त्रीचे शर्ट घालून, अंग चोरून उभे.

"सूनबाई, लय मोठा कार्यक्रम हाय," निफाडकडचे गुलाबराव हळूच म्हणाले. "सायेब लोकं बसल्यात. आमी परत कवातरी येतो."

"अहो, असं नका करू! तुमच्यासाठी मिसळ केलीय मी!"

"कुटं हाय?"

"मागे," मी म्हटलं, आणि तेवढ्यात काकूंनी हाक मारली की एका कुकरची शिट्टी होत नाहीये. मी पळाले.

मंडपात देवरे वकिलांनी माईक हातात घेतला. "मी दोनच शब्द बोलणार आहे," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. वकिलांनी डोळे मिटले की काय होतं, हे गल्लीला ठाऊक होतं. पुढच्या रांगेने खुर्चीत बूड घट्ट केलं. वकील सुरुवात करून करून कुठून करणार? पंचवटीत प्रभू रामचंद्र आले तिथून! अण्णांच्या जन्मापर्यंत यायला अजून बराच अवकाश होता.

मी स्वयंपाकघरात कोथिंबीर नसलेली खिचडी हलवत होते. भोंग्यातून शूर्पणखा ऐकू येत होती. एवढ्यात मागच्या अंगणातून हसणं आलं. साधंसुधं नाही, पोट धरून. मला वाटलं, बबनशेठ आणि त्यांची माणसं विड्या ओढत बसलीयत. खिडकी न उघडताच मी वर्गातला आवाज काढला.

"शांतता! हसताय काय? इथे कार्यक्रम चाललाय!"

हसणं थांबलं. मग कोणीतरी नाक दाबून फुस्सकन हसलं, आणि पुन्हा सगळे फुटले. आता मात्र उलथनं घेऊनच मी दार उघडलं.

धुण्याच्या दगडावर अण्णा बसले होते. अंगात फक्त बंडी, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला, हातात मिसळीची ताटली. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं. शिरसाठ पाण्याच्या टाकीच्या कडेवर, गुलाबराव पायरीवर, कासमभाई चुलीपाशी पळी घेऊन. कासमभाई कसलीशी हकिगत सांगत होते, पेठच्या घाटात बंद पडलेली गाडी आणि तिला ढकलायला उतरलेलं सबंध वऱ्हाड. आणि अण्णा हसत होते. दोन वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. त्यांचं हसणं कसं असतं तेच मी विसरले होते, म्हणून आवाज ओळखला नाही आणि वर दटावलं!

मला बघून गुलाबरावांनी ताटली पाठीमागे लपवली.

"अण्णा, तुम्ही इथे? तिकडे भाषण..."

"जरा मागे जाऊन येतो म्हणालो," अण्णा म्हणाले. संडास आमच्याकडे मागच्या अंगणातच होता. साठ वर्षांचा माणूस मागे जातो म्हटल्यावर त्याला कोण अडवणार? "शाली खुर्चीवरच ठेवून आलो. वर टोपी ठेवलीय. वकील कुठवर आले?"

मी कान दिला. "सीताहरण झालं नाही अजून."

"मग खूप वेळ आहे. बस."

"अण्णा, गॅसवर खिचडी आहे!"

"करपू दे."

"वन्सं शोधतील मला."

"ती पहिल्या रांगेत आहे. वकील उठू देतील तेव्हा ना." अण्णांनी नाक पुसलं. "पार्टी तू केलीस ना? मग तू नको बसायला? शाळेत सगळ्यांना सांगत असतेस म्हणे."

हे अण्णांपर्यंत कसं पोचलं होतं कोण जाणे! मी उलथनं खाली ठेवलं. आत जाऊन गॅस बंद केला. (करपू दे म्हणणं सोपं असतं, पातेलं मला घासायचं होतं.) आणि परत आले.

"पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे!" शिरसाठ सवयीने ओरडले आणि गुलाबराव पायरीवर खरंच सरकले. मी बादली पालथी घातली आणि बसले. कासमभाईंनी ताटली भरली. "ले बेटी, रस्सा गरम आहे. तूच केलेला, तूच अजून चाखला नाहीस."

मिसळ झाली होती बाकी झक्कास! पहिल्याच घासाला माझ्या नाकातून पाणी आलं. मग वऱ्हाडाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून झाली, कारण मी सुरुवात ऐकली नव्हती. गोष्टीतला नवरदेव गाडी ढकलताना चिखलात बसला, तिथे मी इतकी हसले की बादलीवरून घसरले. अण्णांनी सासूबाईंची एक गंमत सांगितली. त्यांचं नाव या घरात दोन वर्षं कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. अण्णांनी घेतलं, आणि काही बिघडलं नाही. माझे डोळे पुसले मी, रश्शाचं निमित्त होतंच.

भोंग्यातून लंका जळाली, पेशवाई बुडाली, रेल्वे आली. शेवटी एस.टी. सुरू झाल्याचं ऐकू आलं तसे अण्णा उठले. बंडी झटकली, तोंड धुतलं आणि पुढे गेले. मी मागून गेले, काय काय कोसळलं असेल या धास्तीने.

काहीही कोसळलं नव्हतं. कासारकाकूंनी भूक न आवरून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. कुठलं जिऱ्याचं आणि कुठलं बिनजिऱ्याचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्या भगरी आणि सगळ्या खिचड्या एका घमेल्यात एकत्र कालवल्या होत्या. सगळ्या गल्लीचे सगळे नियम त्यात एकजीव झाले होते, आणि साहेबांच्या बाई दुसऱ्यांदा मागून घेत होत्या! चहा चक्क ह्यांनी केला होता. वकील खुर्चीवरच्या शालींच्या ढिगाला हात जोडून "अण्णा, शतायुषी व्हा!" म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले, तेव्हा अण्णा ढिगाशेजारी येऊन उभे होते. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अण्णा, दोन शब्द बोला!" सगळे म्हणाले.

अण्णांनी माईक हातात घेतला, फुंकर मारली, आणि नोकरीतला तो जुना आवाज लावला. "कार्यक्रमाची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. सर्व प्रवाशांनी आपापलं सामान तपासून घ्यावं."

मंडप हसून हसून आडवा झाला. (सामान मात्र कोणी तपासलं नाही, हे त्या कुकरवरून उघड आहे.) अंधार पडायच्या आत माणसं आपापल्या घरी गेली, उपासवाले चंद्राची वाट बघायला गच्चीवर गेले. जाताना जो तो मला सांगत होता, "सुनंदाबाई, किती साधं आणि सुटसुटीत केलंत हो!" अण्णा दोस्तांना फाटकापर्यंत सोडायला गेले, आणि उद्या संध्याकाळी ओट्यावर यायचंच, असं त्यांना दटावून सांगत असलेले ऐकू आले.

वन्सं परात पुसत बसल्या होत्या. दमलेल्या, पण खूश. अण्णा सगळ्यांसमोर बोलले, हसले, म्हणून त्यांचं समाधान झालं होतं. मला जवळ बसवून त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

"सुनंदा, सकाळपासून किती नाचलीस गं! आणि खरं सांगू? तू नाचत होतीस तोवर एक गोष्ट धड होत नव्हती. मधला तासभर मात्र सगळं कसं बिनबोभाट पार पडलं. तेव्हा तू जे काही करत होतीस ना, ते सकाळपासूनच करायला हवं होतंस!"